मागच्या जॉइंटचं निपल

परदेशातून शिकून नाशिकला परतलो, तेव्हा आपलं काम आपणच करायचं या वेडाने मला झपाटलं होतं. काकांच्या जीपखालच्या, चाकं फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटना ग्रीसही मीच मारलं. दुसऱ्या दिवशी टोमॅटो भरून काकांबरोबर पंचवटीच्या बाजाराला निघालो, तर खालून किरकिर सुरू झाली. जॉइंट तुटला असता तर माल वाटेतच सडला असता. गॅरेज गाठलं.

"ग्रीस कोणी मारलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"मी. पण मागच्या जॉइंटला ग्रीस भरायचं निपलच नाही."

"जरा गाडी ढकला."

ढकलली. शाफ्ट फिरला आणि वर दडलेलं निपल खाली आलं. मी ग्रीस भरलं.

"किती झाले?" काकांनी विचारलं.

"ढकललं यांनी, भरलं यांनी. मी कसले पैसे घेऊ?"

"अकलेचे घ्या," काका म्हणाले.