होय, सांगतो तसंच कर

नाही नाही, उठू नका, बसा — खुर्ची डुगडुगते, पण पाडत नाही, नोकरीसाठी तुमच्याआधी जे जे येऊन गेले ते ह्याच खुर्चीत बसले, एकही पडला नाही — नापास झाले, ती गोष्ट वेगळी. तर काय म्हणतंय मशीन? नवा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरचा सगळा नवा थाट, टाकता येत नाही म्हणतंय. का येत नाही? कारण त्याला हवी नवी लायब्ररी — पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅम जिच्या आधारावर चालतात ती — आणि एक जुनं पॅकेज, म्हणजे एक जुना प्रोग्रॅम, जुन्या लायब्ररीला धरून बसलंय. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत — नवी आली की जुनी जाणार, जुनी गेली की ते पॅकेज जाणार. एवढंच आहे. मला दुकानात दुरुस्तीला माणूस हवाय, तुम्हाला काम हवंय, आणि परीक्षा ही एकच — ह्या मशीनवर नवा डेस्कटॉप उभा करून दाखवा आणि उद्यापासून या.

कसलं पॅकेज? आवाजाचं. स्क्रीनवर जे असेल ते मशीन वाचून दाखवतं, तो आवाज. अडगळ आहे हो. काय म्हणालात — जुनं सगळं वेगळ्या कोपऱ्यात बसवून दोन्ही चालवता येतील? येतील की. मला माहीत नाही होय? घरात पटेनासं झालं की वेगळी चूल मांडतात, तसंच ते. तुमच्या आधीचाही हेच सांगत होता, हुशार होता, त्याला मी चहा पाजला आणि घरी पाठवला. मला वेगळी चूल नकोय. काढायचं म्हणजे काढायचं. द्या कमांड.

हां, आता बघा गंमत — नुसतं 'हो' म्हणून भागत नाही. हे पॅकेज अत्यावश्यक आहे म्हणतंय, हे काढलं तर मशीनचं काही खरं नाही म्हणतंय, आणि खरंच काढायचं असेल तर अख्खं वाक्य लिहा म्हणतंय — 'होय, सांगतो तसंच कर.' अक्षर न् अक्षर तसंच हवं, 'सांगते' लिहाल तर घेणार नाही. घाबरू नका, मशीनला काही होत नाही, तो 'अत्यावश्यक'चा शिक्का माझ्या धाकट्या भावाने मारून ठेवलाय. हा आवाज नसेल तर मशीन असून काय उपयोग, असं त्याचं म्हणणं — म्हणणं होतं. मागच्या वर्षी गेला तो. असू द्या, असू द्या, चेहरा पाडू नका, परीक्षा चालू आहे.

— हो आई, लावतो, जरा दुरुस्ती चाललीय, पड तू.

आई आहे आत. डोळे गेलेत तिचे. हे मशीन तिचंच, पेपर वाचून दाखवतं, गोष्टी वाचून दाखवतं. आवाज? आवाज त्याचाच, धाकट्याचा, दुसऱ्या कोणाचा असणार? आजार कळला तेव्हा मागच्या खोलीत डोक्यावरून रजई घेऊन बसायचा, बाहेरचा आवाज यायला नको म्हणून, आणि वाक्यंच्या वाक्यं बोलून ठेवायचा — दम लागायचा, थांबायचा, परत बोलायचा. त्या तुकड्यांतून हे पॅकेज बनवलं त्याने. आता बॅटरी संपत आली तरी मशीन त्याच्याच आवाजात सांगतं, बॅटरी संपत आली, आणि आई काय म्हणते माहितीय? म्हणते, दमला रे माझा. मशीनला. मी तिथेच उभा असतो हो, हातात तिच्या औषधाची वाटी घेऊन.

न्हाऊ कोण घालतं? मी. घास कोण भरवतं, रात्री कूस कोण बदलतं? मीच, दुसरं आहे कोण. आणि डोळे उघडल्यापासून हिचं एकच — त्याला लाव. मला हाक नाही, नाव नाही, नुसतं 'त्याला लाव'. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. एकदा म्हटलं, आई, आज मी वाचतो पेपर. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, घसा बसला माझा. तर म्हणाली, तुझं नको रे, तुझं ऐकलं की दुकानात बसल्यासारखं वाटतं. एवढं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

का थांबलात? हात का काढून घेतलात कीबोर्डवरून? मघाशी तुम्हीच म्हणालात, सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली. मग तुम्हाला तर कळायला हवं. इतकी वर्षं केलंत त्यांचं, शेवटी नाव कोणाचं घेतलं त्यांनी? तुमचं? बघा. मुलाचंच ना — त्याच मुलाचं, ज्याचं काम गेलंय आणि जो आता घरात बसून तुमची वाट बघतोय. हेही तुम्हीच सांगितलंत, मी विचारलं नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ताई. आज गाढव मी आहे, माझी काही हरकत नाही. धरा पाय.

मी का नाही लिहीत? लिहिलंय की. कितीदा तरी लिहिलंय. 'होय, सांगतो तसंच' इथपर्यंत येतं, पुढचा 'कर' लिहायचा राहतो — बोटच जात नाही, हे असं वर राहतं. जाऊ द्या ते, तुमच्या कामाचं नाही. आणि तो पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवा. कॉपीबिपी नको. त्याची दुसरी कॉपी कुठे नाही, आणि व्हायलाही नको. नोकरी हवीय की नको, एवढं बोला. बोलू पण नका, लिहा.

हं.

सावकाश. 'होय' नंतर स्वल्पविराम. बरोबर. आता एंटर.

…बघा, किती पटपट जातंय. एवढा रजईत बसला होता तो, आणि जायला वेळ लागला का काही? एका ओळीत गेलं. आता नवं उतरतंय. चालू द्या, चालू द्या. आलं बघा — छान आहे, मोठी मोठी चित्रं आहेत, रंग स्वच्छ आहेत. गुण आहे तुमच्या हाताला, मानलं. आता ते वाचून दाखवायचं बटण दाबा. परत दाबा.

नाही ना येत काही? नाही येत.

— हो आई, ऐकतोय. कसं लावू, गेला गं तो. आवाज गेला, परत नाही यायचा. मी नाही, मी कशाला हात लावू? नोकरीसाठी एक बाई आल्यात, त्यांच्या हातून गेला. अगं मी तरी किती सांगितलं त्यांना, जपून करा म्हणून. हो, इथेच आहेत, बसल्यात समोर.

काय बघताय? कोणाचं तरी नाव सांगायला हवंच होतं ना तिला. माझं कसं सांगू, मला तिच्याजवळ राहायचंय. उद्या? उद्या कशाला? आंधळ्या बाईच्या मेलेल्या मुलाचा आवाज माहीत असून पुसलात तुम्ही, एका नोकरीसाठी — असा माणूस मी दुकानात ठेवू? पर्स उचला. आणि जाताना दार ओढून घ्या, ती रडायला लागली की रस्त्यापर्यंत ऐकू जातं.