केरूनानांचा दम

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई नको. जे दुखणं मुळापासून जाणारच नाही, त्यासाठी माणसानं कष्ट करावेत, की नुसतं पडून राहावं?

राशीनच्या बाजारात केरूनाना परदेशी नावाचे भडभुंजे होते. चाळीस वर्षं भट्टीच्या धुरात बसून चणे, लाह्या भाजल्या. वर बिडी! — अहो, मागचे पाव्हणे, खिशावरचा हात काढा, मला इथून दिसतंय! — तर पासष्टीत फुप्फुसं थकली. चार पावलं टाकली की धाप! अंघोळसुद्धा बायकोनं घालायची, यमुनाकाकूंनी. नाना भिंतीकडे तोंड करून बसायचे. लाज वाटायची हो!

एकदा म्हणाले, "अगं, आता सुटका झालेली बरी."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. "तुमची होईल. माझी?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी नानांना रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं श्वासाचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, शबाना. नानांनी थेट विचारलं, "पोरी, मी बरा होणार का?"

काय सांगावं तिनं? गोड खोटं? नाही, मंडळी! म्हणाली, "फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत, नाना. पण उरलीत ती नीट वापरायला शिकवते. अंघोळ तुमची तुम्ही कराल."

नाना ताठ बसले!

नाकानं श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळू सोडायचा. "समोर ज्योत आहे समजा. विझवायची नाही, नुसती हलवायची!" मग चालणं. पहिल्या दिवशी वीस पावलं — आणि नाना मटकन खाली! "पोरखेळ आहे हा!" म्हणून चिडले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. औषधाचा पंप वेळेवर, बिडी बंद. दोन महिन्यांनी न्हाणीघराचं दार आतून लागलं. आत पाण्याचा आवाज, आणि बाहेर काकू पदरानं डोळे पुसतायत!

पुढं श्रावणात काकूंना ताप आला. नानांनी स्वतः चहा केला, कप घेऊन निघाले. चूल ते खाट, बारा पावलं. मध्ये दोनदा थांबले.

काकू म्हणाल्या, "दम लागला ना?"

"लागला. थांबलो, श्वास सोडला, पुन्हा निघालो. घे, गरम आहे तोवर पी."

मंडळी, आजार गेला का? नाही! पण माणूस परत आला! आता तुम्हाला विचारतो — तुमच्या घरात कोणी खोकत पडलंय, आणि "आता त्यांचं काय व्हायचंय" म्हणून तुम्ही पाठ फिरवलीय का? असेल, तर घरी जाताच आधी त्यांच्यापाशी बसा. उद्या हात धरून उठवा — आणि त्यांच्या चालीनं चाला!