शोकाच्या प्रकरणाला उदाहरण

भाऊ : जरा हळू, ताई. माझं वाक्य तू ओरडून वाचलंस म्हणून ते वाईट ठरत नाही.

ताई : ओरडते कुठे, धापा टाकते आहे. माझी संपादनाची रीत तुला ठाऊक आहे. पान मोठ्यानं वाचायचं, दम लागेल तिथे पेन्सिलीची खूण करायची. खुणा करून करून या प्रकरणाला समासच उरला नाही.

भाऊ : मग दम वाढव. सुलभीकरणाच्या नावाखाली सध्या विचारांची जी कत्तल चालते, तिला मी स्वतःच्या हातानं सुरी पुरवणार नाही.

ताई : आधीची प्रकरणं तूच लिहिलीस ना, पंडिता? मनाचा प्रतिकार समजावताना दवाखान्याची वेळ नेमकी विसरणारे काका आणलेस. मी हसले, आणि मुद्दा कळला. शोकावर आलास तशी माणसं गायब; नुसत्या तळटिपा.

भाऊ : विषयच दुर्बोध आहे.

ताई : की तू केलास?

भाऊ : माझंच मानसशास्त्र माझ्यावर चालवतेस?

ताई : सामान्य वाचकासाठी लिहिलंस ना? जेवढं कळलं तेवढं वापरते. सांग, गेलेलं माणूस मनातून जात नाही म्हणजे काय होतं?

भाऊ : प्रेमविषयाचा लोप बुद्धीला मान्य होतो, परंतु मानसिक ऊर्जेची त्यातील गुंतवणूक—

ताई : दम लागला.

भाऊ : बरं. माणूस गेलं हे डोक्याला कळतं. सवयींना कुणी कळवलेलं नसतं. त्या आपल्या त्याच्यासाठी जागा राखून वागत राहतात.

ताई : हे लिही. खाली एक उदाहरण दे. नाहीतर उद्या हे प्रकरण गाळून पुस्तक छपाईला जाईल.

भाऊ : मग पुस्तकच परत घेईन. शोक वगळून मनाविषयी लिहिणं म्हणजे निव्वळ करमणूक.

ताई : म्हणून तर उदाहरण मागते आहे.

भाऊ : नाही माझ्याकडे. आणि हळू बोल, म्हटलं ना.

ताई : का रे?

भाऊ : का म्हणजे? दुपार आहे. बाबा रात्रपाळीहून येऊन—

(शेजारच्या खोलीचं दार उघडं आहे. आत पलंग नाही; छतापर्यंत पुस्तकांचे गठ्ठे.)

ताई : बाबांना जाऊन किती वर्षं झाली, भाऊ.

भाऊ : पेन्सिल दे... 'एका घरात दुपारी अजूनही—'

ताई : 'आमच्या' घरात.

भाऊ : 'आमच्या घरात दुपारी अजूनही कुणी मोठ्यानं बोलत नाही.' वाच. दम लागतो का?

ताई : लागला. पण इथे खूण करत नाही.