हा मटका फोडू नका

पुष्करने त्या दिवशी बिर्याणी खाल्लीच नाही. पण ते सोडा, तसं काही अजून घडलेलंच नाही. वाघोलीतल्या मटका बिर्याणीच्या गाडीपुढे तो अजून भुकेला उभा आहे आणि गाडीवाला महिपती गिऱ्हाइकांसमोर हातोडीने गरम मटके फोडून ताटलीत भात वाढतो आहे, एवढंच धरून चला. पुष्करच्या पुढे एक आजोबा होते.

"आजोबा, जरा मागं सरा. फोडतो."

"फोडू नका. चमच्याने काढून द्या."

"चमच्यानं द्यायला ही काय दवाखान्यातली खिचडी हाय? लोक फोडायचा व्हिडिओ काढायला येत्यात."

"माझा फोन साधा आहे."

"मग नुसतं बघा. पोरानं सांगितलं नाही का घरी, इथं मटका फोडत्यात म्हणून?"

"सांगितलं होतं. आमोद दर शनिवारी यायचा इथे. म्हणायचा, बाबा, एकदा चला. मी म्हणायचो, भात घरी मिळतो."

"मग आज आणायचं की त्याला."

"मागच्या महिन्यात त्याच्या चितेभोवती फिरताना मडकं माझ्याच खांद्यावर होतं. ते फोडावंच लागलं. हे राहू द्या."

महिपतीने हातोडी खाली ठेवली.

"बसा, आजोबा. चमच्यानं देतो. आन् पुन्हा आलात तर रांगेत थांबू नका. आमच्याकडं वयस्कर माणसाचा नंबर पहिला."

"तुमच्याकडे आहे हो. वरच्या कार्यालयात हा नियम अजून पोचलेला नाही. तरी तिथेही वयाने मोठ्या व्यक्तीचा नंबर प्रथम लावण्यात यावा, ही नम्र विनंती."