आठ आणि नऊच्या मधोमध

नाही हो, शर्टाला नाही — हुंगून बघा हवं तर, नाकाला लावून बघा — वास बाहेरून येतोय. तिकडून, रस्त्यातून. येताना दिसलं नाही? नाक दाबून आलात म्हणजे दिसलं असणारच. कुत्रं आहे. मेलेलं. चार दिवस झाले, पडलंय. पाण्याच्या टँकरखाली आलं सकाळी सकाळी, आणि जिथे मेलं तिथेच आहे अजून. आणि मी इथे लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत बसलोय! कापड गरम झालं की वास आत धरून ठेवतं, मला कळत नाही का, हयात गेली या धंद्यात. काल वकिलीणबाई आल्या, नवऱ्याचे पांढरे शर्ट गोळा केले आणि चालत्या झाल्या चौकातल्या लॉन्ड्रीत. इतकं जुनं गिऱ्हाईक! असंच चाललं ना, तर दुकानाला टाळं लावायची पाळी येणार. बसा, तुमची पँट राहिलीय अजून, स्टुलावर बसा, पंखा तिकडे वळवतो.

तक्रार? केली की! तक्रार केली नाही असं एक दार सांगा मला. आता ही नगरपालिका कशी चालते ते ऐका, फुकटात शिकवतो. या रस्त्याच्या मधून वॉर्डाची हद्द जाते. माझी बाजू आठ, समोरची नऊ. आणि ते मेलं कुठे — तर बरोब्बर मधोमध. सकाळी आठचे झाडूवाले येतात, कुत्र्यापाशी आले की झाडू असा वळसा घालतो, जणू मोठ्या माणसाची गाडी उभी आहे तिथे. मग नऊचे येतात, त्यांचाही तसाच वळसा. आठचा मुकादम म्हणतो, डोकं नऊमध्ये आहे, डोकं जिथे तिथला तो जीव. नऊचा म्हणतो, धड आठमध्ये आहे, उचलायचं तर धडच उचलतात ना? अहो, दोन बाप्ये, एकाच तिजोरीतून पगार घेणारे, मेल्या जनावराचं डोकं आणि शेपूट वाटून घेत उभे — आणि मी इस्त्री हातात धरून ऐकतोय. पुढचं तर ऐका. पावडर मारायला माणूस आला, आठचा. त्यानं काय करावं? मागच्या अर्ध्या भागावर पावडर मारली! मागचे पाय पांढरेफेक, पुढचे तसेच, मध्ये रेघ ओढल्यासारखं. मी म्हटलं, दादा, राहिलेल्याचं काय? तर म्हणतो, काका, डबा आठचा आहे.

थुंकावंसं वाटतं हो. हसताय काय! गेलो मग पालिकेत, दुकान बंद ठेवून गेलो. तिथे कळलं, झाडणं वॉर्डाचं, उचलणं आरोग्य खात्याचं, गाडी वाहन खात्याची आणि गाडीवरचा ड्रायव्हर ठेकेदाराचा. आरोग्यवाले म्हणतात, वॉर्डाकडून निरोप यायला हवा. कुठल्या वॉर्डाकडून? डोकं कुठे आहे, विचारतात — पुन्हा तेच! वरच्या साहेबांकडे गेलो तर शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. कसली मीटिंग? शहर स्वच्छतेची! बाहेर खुर्च्या मांडलेल्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं अगदी टापटीप. नगरसेवकाचं तर नाव काढू नका. म्हणाला, तुमच्या गल्लीनं मत कुणाला दिलं होतं, त्यालाच सांगा. किळस येते मला. कुत्र्याची नाही — ते बिचारं मेलं, कुजणारच — या माणसांची.

मी उचलू? घ्या! तुम्हीही तेच बोला. समोरचा सायकलवाला फावडं घेऊन निघालाच होता, मी दंड धरून मागे ओढला. का म्हणजे? घरपट्टी मी भरायची, सफाईचा कर मी भरायचा, आणि वर घाणही मीच उचलायची? आपण उचललं की ते सुटले. मग उद्या गटारही आपणच उपसायचं. मी सांगितलं सगळ्यांना, कुणी हात लावायचा नाही, राहू दे तिथेच, जाऊ दे वास थेट साहेबांच्या नाकापर्यंत.

आणि त्या आरोग्य खात्याच्या खिडकीतल्या बाई! पहिला प्रश्न काय, तर पाळीव की बेवारस? पाळीव असेल तर मालकानं आपलं आपण बघायचं, पालिकेचा संबंध नाही. बेवारस असेल तरच गाडी. आता काय सांगणार मी? बेवारस म्हटलं. म्हटलं म्हणजे — होतंच ना. रस्त्यावरचं कुत्रं, त्याला कोण मालक? दुकानापुढे झोपायचा, एवढंच. ऊन सरकलं की तोही सरकायचा, सावली धरून. संध्याकाळी आमची ही — बायको हो — घरी निघाली की तिच्या मागोमाग घरी. आता कुणी कुणाच्या मागून चाललं म्हणजे ते पाळलेलं झालं का? ती भाकरी घालायची ते वेगळं. ती कुणालाही घालते.

काय बघताय तिकडे? खिळ्याकडे? तो होय... पट्टा आहे. तिनं शिवला होता, चादरीच्या काठाचा. अहो, गळ्यात पट्टा असताना बेवारस कसं सांगणार? पाळलेलं जनावर पालिका उचलत नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक; मुकादमानं बघितला असता की विषयच संपला. म्हणून आधी जाऊन काढून घेतला. गाठ सुटेना, कात्री लावली. अंग कोमट होतं अजून. म्हटलं, जाऊ दे, आता त्याला काय कळतंय.

तेव्हापासून ही बोलत नाही माझ्याशी. वाढते आणि आत जाते. एकदाच विचारलं, 'पट्टा कुठंय?' मी म्हटलं, अगं, नियम आहे तसा. तर नुसती बघत राहिली. ज्या नजरेनं मी त्या मुकादमांकडे बघत होतो ना, अगदी त्याच.

घ्या, झाली तुमची पँट, घडी — थांबा. ती आमची ही आहे. इकडे कशी आली? चार दिवस फिरकली नव्हती. हातात काय आहे तिच्या... चादर. आमच्या पलंगावरची आहे ती. अगं ए — नाही ऐकत. ते मुकादमही बघतायत, दोन्हीकडचे, हाताची घडी घालून. अहो, ती खाली बसली. रस्त्यात. तोंडाला पदरसुद्धा लावला नाही. त्याच्या अंगावरची पावडर झटकतेय — हातानं.

तिला एकटीला नाही उचलवणार. जड आहे हो तो.

पैसे राहू द्या. राहू द्या म्हटलं ना! सरका, वाट द्या मला. निघा तुम्ही.