गाडी चालू न होण्याबाबत माझा पुरवणी जबाब

जबाब, दिनांक १५. वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. नाव व पत्ता दिनांक ११ च्या माझ्या तक्रार अर्जात आहे तोच. वय ३८ वर्षे. व्यवसाय: घरोघरी जाऊन जखमांची मलमपट्टी करणारी परिचारिका.

मी आज स्वतःहून ठाण्यात आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही आणि कोणी शिकवून पाठवलेले नाही. दिनांक ११ रोजी मी आमच्या इमारतीखालच्या शिंपीकाकांविरुद्ध जी तक्रार दिली होती ती चुकीची होती. ती कशी चुकली आणि खरे काय घडले ते सांगते.

मी वरील पत्त्यावर दुसऱ्या मजल्यावर राहते. घरात मी आणि माझे सासरे, वय ७१, असे दोघेच आहोत. सासऱ्यांचे स्कूटर दुरुस्तीचे गॅरेज होते. माझे पती दोन वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात वारले. त्याची नोंद याच ठाण्यात आहे, म्हणून ते इथे पुन्हा सांगत नाही. सासऱ्यांनी गॅरेज त्याच महिन्यात बंद केले. हत्यारांची पेटी घरी आणून पलंगाखाली सारली आणि तिला कुलूप लावले. दुसऱ्या कोणाची गाडी दुरुस्त करायलाही ते पुन्हा बसले नाहीत.

आठ महिन्यांपूर्वी मी एक जुनी, लहान स्कूटर घेतली. माझे पेशंट शहराच्या चारी टोकांना आहेत. बसने दिवसाला चार घरे होत, गाडीवर नऊ होतात. गाडी आणली त्या दिवशी सासरे खाली बघायला आले नाहीत. मी ती जिन्याखाली लावते. तिथून शिंपीकाकांच्या दुकानाचा दरवाजा चार पावलांवर आहे. गिऱ्हाइकांना हँडल लागते यावरून आमची अधूनमधून बोलाचाली होत असे. दिनांक २ रोजी त्यांनी चारचौघांत मला सांगितले, "बाई, एक दिवस ही गाडी जागची हलणार नाही, बघा तुम्ही." मी त्यांना काय उत्तर दिले ते लिहिण्यासारखे नाही.

दिनांक ३ रोजी सकाळी साडेसातला मी खाली आले. पंधरा-वीस किका मारल्या, गाडी ढिम्म. मी आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यांना फोन केला. ते पूर्वी माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली काम शिकले आहेत. ते म्हणाले, "ताई, घाबरायचं नाही आणि उगाच किक मारत बसायचं नाही. तीन गोष्टी बघायच्या. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, हवा खेळतेय का. चौथी गोष्ट नसते." मी वाकून बघितले तर पेट्रोलचा कॉक बंद होता. तो उघडला, गाडी चालू झाली. मीच आदल्या दिवशी बंद केला असेल असे मला वाटले.

दिनांक ६ रोजी पुन्हा तेच. या वेळी कॉक उघडा होता, टाकीत पेट्रोल होते. मी फोन न करता बाजूचे झाकण काढले. स्पार्क प्लगची टोपी प्लगवर नुसती ठेवलेली होती, आत दाबलेली नव्हती. दिसायला जागेवर, पण धरली की हातात येत होती. दाबून बसवली, गाडी चालू झाली. रस्त्यातल्या खड्ड्यांनी ती निघाली असेल असे मी स्वतःला सांगितले, पण मला ते पटले नव्हते.

दिनांक ११ रोजी गाडी चालू व्हायची आणि लगेच बंद पडायची. पेट्रोल होते, ठिणगी होती. मी एअर फिल्टर उघडला, तो स्वच्छ होता. यात पाऊण तास गेला. मग हवा आत जाते तशी बाहेरही पडली पाहिजे हे सुचले, म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोट घातले. आत कापडाचा बोळा होता. चिमट्याने ओढून काढला. ब्लाउजच्या अस्तराचे निळे कापड होते. तसल्या चिंध्यांची टोपली शिंपीकाकांच्या दाराशी कायम भरलेली असते.

त्या दिवशी माझ्या पहिल्या घरी एक निवृत्त पोस्टमन आजोबा होते. त्यांच्या पायाला मधुमेहाची जखम आहे आणि घरी ते एकटेच असतात. मी वेळेवर येत नाही हे पाहून त्यांनी पट्टी स्वतः सोडायला घेतली. कापड जखमेला चिकटले होते, ते त्यांनी ओढले. मी पोचले तेव्हा ते खुर्चीत बसले होते आणि पायाखाली वर्तमानपत्र पसरले होते. मला म्हणाले, "फरशी खराब होऊ नये म्हणून ठेवलंय." त्यांना दवाखान्यात तीन दिवस राहावे लागले. मी तिथून सरळ या ठाण्यात आले आणि बोळा टेबलावर ठेवून शिंपीकाकांविरुद्ध तक्रार दिली.

दिनांक १४ रोजी म्हणजे काल सकाळची चार घरे करून मी साडेदहाला परत आले. गाडी चांगली चालली होती. वर जाऊन हातपाय धुतले, जेवले. सासरे तेवढ्यात दूध आणायला म्हणून खाली जाऊन आले. सव्वाअकराला खाली आले तर गाडी चालू होईना. रागाने मी शिंपीकाकांच्या दाराशी गेले. दुकान बंद होते. त्यांच्या पत्नी बाहेर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दहा वाजल्यापासून ते ठाण्यात बसलेत. तुमच्याच कृपेने." म्हणजे मी गाडी लावली तेव्हा ते इथे, आपल्या समोरच्या बाकावर होते. त्यांनी काही करणे शक्यच नव्हते.

मी गॅरेजवाल्यांना बोलावून घेतले. त्यांनी प्लग काढला आणि उजेडात धरला. तो माझा प्लग नव्हता. त्याच बनावटीचा, पण जळून गेलेला जुना प्लग होता. मग वाकून त्यांनी झाकणाचे स्क्रू निरखले. मी विचारले, "काय झालं?" तेव्हा म्हणाले, "ताई, ज्यानं हे केलंय त्याला गाडी बिघडवायची नाहीये. बघा, स्क्रूला एक ओरखडा नाही. प्लग किती नेमका आवळलाय. खुन्नस काढणारा असं काम करत नाही." मी विचारले, "मग कोण करतं?" त्यांनी हात पुसले आणि मला विचारले, "उस्तादांची तब्येत कशी आहे?"

उस्ताद म्हणजे माझे सासरे. गॅरेजवाले एवढे बोलून निघून गेले.

मी वर गेले. सासरे खिडकीशी बसले होते. मी पलंगाखालची पेटी ओढली. कुलूप उघडेच होते. पेटीवर धूळ नव्हती. पाने ओळीने लावलेले आणि तेलाचा हात फिरवलेले होते. वरच्याच कप्प्यात निळ्या अस्तराच्या कापडात गुंडाळून माझा प्लग ठेवला होता. मी तो त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारले, "बाबा, हे काय?"

ते म्हणाले, "गाडी बिघडवली नाही मी. फक्त थांबवली."

"चारही वेळा?"

"चारही वेळा."

मी का म्हणून विचारले. ते म्हणाले, "तू साडेसातला जातेस. आठपासून मी घड्याळ बघतो. फोन वाजला की उचलत नाही. वाजून वाजून थांबला की मग खिडकीत येऊन उभा राहतो."

मी त्यांना पोस्टमन आजोबांच्या पायाचे सांगितले. ते त्यांना माहीत नव्हते. ते ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग मी म्हटले, "आणि शिंपीकाका आत्ता या घडीला ठाण्यात बसलेत." ते म्हणाले, "ते माहीत होतं. हवालदाराबरोबर जाताना खिडकीतून दिसले. तेव्हाच ठाण्यात जाऊन सांगायला पाहिजे होतं. पाय उचलला नाही."

मी त्यांना सांगितले, "बाबा, मी गाडी सोडणार नाही. आजही जाणार, उद्याही जाणार. तुम्ही रोज एक काहीतरी काढा, मी रोज शोधून बसवीन. मला आता येतं. पण माझी वाट बघणारी माणसं खुर्चीत बसून आहेत, हे तुम्हाला ठाऊक असू द्या."

ते म्हणाले, "प्लग बसवता येईल?"

"येईल."

"आधी बोटांनी फिरव. आटे सरळ धरले पाहिजेत. पाना शेवटी."

मी खाली जाऊन प्लग बसवला. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. राहिलेली पाच घरे मी संध्याकाळपर्यंत पूर्ण केली. एकही चुकवले नाही.

संध्याकाळी सहा वाजता मी शिंपीकाकांच्या दुकानात गेले. तीन गिऱ्हाइके होती. त्यांच्यासमोरच मी सांगितले की माझी चूक झाली, हे माझ्या घरातून झाले, काकांचा यात काही संबंध नाही. शिंपीकाकांनी टेप गळ्यातून काढली. म्हणाले, "गाडी हलणार नाही असं मी म्हटलं खरं. पण दुसऱ्या मजल्यावर कोणी माझं इतकं मनावर घेईल हे काय ठाऊक!" गिऱ्हाइके हसली. काका हसले नाहीत. पुढे म्हणाले, "ताई, ठाण्यातले तीन तास निघून गेले. पण घरी आल्यावर बायकोनं विचारलं हो, खरं सांगा, तुम्ही नाही ना केलंत? पंचवीस वर्षांचा संसार आमचा. हे तुम्ही तिथे जाऊन लिहून द्या." मी उद्या सकाळीच देते असे सांगितले. म्हणून आज आले आहे.

तरी शिंपीकाकांचे नाव या प्रकरणातून काढावे आणि तसे लेखी पत्र त्यांच्या पत्नीच्या हाती द्यावे, अशी माझी विनंती आहे. खोटी तक्रार दिली म्हणून माझ्यावर जी काही कारवाई होईल ती मला मान्य आहे. सासऱ्यांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पोस्टमन आजोबांना सर्व हकीकत मी स्वतः सांगितली आहे. त्यांनी सासऱ्यांना भेटायला बोलावले आहे आणि सासरे रविवारी जाणार आहेत. गाडी मी यापुढेही चालवणार आहे.

माझे सासरे आज माझ्याबरोबर आले आहेत व बाहेर बसले आहेत. त्यांनाही हा जबाब ऐकायचा आहे असे त्यांनी सांगितल्यावरून हवालदारांनी त्यांना आत बोलावून आम्हा दोघांसमोर तो पहिल्यापासून मोठ्याने वाचला. माझे सांगणे जसेच्या तसे उतरले आहे. सासऱ्यांनी उभे राहून ऐकले. सर्व खरे आहे, फक्त एक गोष्ट राहिली, असे ते म्हणाले. चारही वेळा गाडीला हात लावला तेव्हा त्यांनी आधी पुढचा-मागचा ब्रेक तपासून तारा ताणून दिल्या होत्या.

हवालदारांनी मला विचारले, याची नोंद करण्याची गरज आहे का. मी म्हटले, आहे. लिहा.

म्हणून लिहिले. खाली माझी सही, आणि त्याखाली सासऱ्यांची.