दोनशे वॅट

वाद्यांच्या दुकानात बिलाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. पायाशी गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पॉवर अँपचे दोन खोके होते, एक लहान, एक मोठा. दोन्हींपैकी कुठला घ्यायचा ते अजून ठरत नव्हतं.

“पन्नास वॅट पुष्कळ झाले. घरातच तर वाजवायचंय.”

“दोनशेचा घ्या.”

“अगं, मुळात लागतोच कशाला? माझ्या मॉडेलरच्या डबीत सगळ्या अँपचे आवाज आहेत. हेडफोन लावला की मोठ्या हॉलमध्ये गिटार वाजवतोय असं वाटतं.”

“तुम्हाला वाटतं.”

“शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून हेडफोन तूच घ्यायला लावलास ना?”

“हो. तेव्हापासून मला नुसती तारांची टिकटिक ऐकू येते. आतल्या खोलीत कोणी तासन्‌तास नखं कापत बसल्यासारखी.”

“बरं, मग पन्नासचा घेऊ. स्वयंपाकघरापर्यंत येईल आवाज.”

“मिक्सर चालू असताना?”

“मिक्सर बंद कर की तेवढ्यापुरता.”

“खालच्या वहिनी परवा विचारत होत्या, मिस्टर बाहेरगावी असतात का.”

“मग काय सांगितलंस?”

“हो म्हटलं.”

रांग थोडी पुढे सरकली. त्यांनी पायानेच दोन्ही खोके पुढे ढकलले.

“हे मला आधी बोलायचंस.”

“बोलले की. दारात उभी राहून. तुम्ही मानही डोलावलीत.”

नवरा वाकून खोक्यांवरच्या किमती वाचू लागला.

“दोनशेचा घ्या.”

“घेतो. पण जोडायचा कुठे? त्या जुन्या स्पीकरवर तुझ्या कुंड्या आहेत.”

“सकाळीच काढल्या.”